पहिल्या जागेची बॅटरी

४ फेब्रुवारी

चि. पक्कड हिस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझ्या हत्यारांच्या पेटीतून पक्कड पळवायचीस आणि विचारलं की फ्रॉकमागे लपवायचीस. तेव्हा पडलेलं नाव आता तुझ्या कामाला शोभायला लागलंय. तू गोदामातल्या माल उचलणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या सांभाळतेस, असं तुझी आई म्हणाल्याचं तुझी मामी सांगत होती. म्हणून हे पत्र. फोनच करणार होतो, पण आमचा फोन फार बिघडलाय, नुसती खरखर. पत्र बरं. शिवाय टपालाची पिशवी माझ्याच होडीतून जाते, म्हणजे पहिला टप्पा तरी मी स्वतः पोचवतो.

तर अडचण अशी. गेल्या वर्षी होडीचं डिझेल इंजिन काढून विजेची मोटार बसवली. बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, एकीला एक जोडून अठ्ठेचाळीस. दिवसभर या काठावरून त्या काठावर फेऱ्या, फेऱ्या संपल्या की धक्क्यावर चार्जिंग. सुरुवातीचे महिने राणीसारखी चालली. आता दुपारनंतर नदीच्या मध्यावर अचानक आचका देते आणि बंद. काटा बघावा तर तो म्हणतो, अजून अर्ध्याहून जास्त चार्जिंग आहे. दहा मिनिटं वाट बघितली की पुन्हा चालते, जराशी, आणि पुन्हा रुसते. परवा शाळेतल्या बाईंनी वह्या बाजूला ठेवून वल्हं हातात घेतलं. वल्हवतात बऱ्या, पण शोभतं का?

एप्रिलच्या मध्यावर जलवाहतूक खात्याचे तपासनीस येणार आहेत. होडीची तपासणी आणि होडीवाल्याचीही. त्यांच्यासमोर अशी बंद पडली तर परवाना गेलाच. पूल किती लांब आहे ते तुला माहीत आहे. आणि मला दुसरं काही येत नाही.

बाकी होडी झकास. डिझेलच्या काळात रोज सकाळी डबा घेऊन तळातलं पाणी उपसायचो, आठवतं? आता तळ ठणठणीत कोरडा. आणि आवाज म्हणशील तर शून्य. तुझी मामी हल्ली प्रत्येक फेरीला येते, छत्री घेऊन पुढच्या टोकाला बसते. हौस म्हणे.

काटा खोटं का बोलतो, एवढं सांग.

तुझा मामा

*

९ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,
सा. न.

पत्र आलं आणि मी वर्कशॉपमध्ये उभ्या उभ्याच वाचलं. होडीच्या बॅटऱ्यांना मी कधी हात लावलेला नाही, पण बॅटरीला काय, ती गोदामात आहे की पाण्यावर, हे कळत नाही.

काटा खोटं बोलत नाही. तो चौघींचा मिळून आकडा सांगतो. वर्गाचा निकाल चांगला लागला की हेडमास्तर खूश, पण म्हणून शेवटच्या बाकावरचा नापास मुलगा पास होत नाही. तुझ्या चौघींपैकी एक नापास आहे असं मला वाटतं. एकीला एक जोडल्या की चौघींमधून सारखाच प्रवाह जातो. तिघी ताज्यातवान्या असल्या तरी चौथी आडवी झाली की सगळ्यांचीच वाट अडते. दहा मिनिटं विसावली की ती जरा उठून बसते, म्हणून होडी पुन्हा चालते.

तेव्हा आता चौघींना एकेकटीला विचारायचं. सुकाणूकडून मोजून खडूने बॅटऱ्यांवर एक ते चार आकडे घाल. दिवसाच्या फेऱ्या झाल्यावर, चार्जिंगला लावायच्या आधी, मोटार बंद करून थोडा वेळ जाऊ दे. मग मीटरच्या दोन सुया एकेका बॅटरीच्या दोन टोकांना लाव. चार आकडे मला कळव. कोणती बॅटरी किती डिस्टिल्ड वॉटर पिते, तेही लिही.

फोन दुरुस्तीला टाक की. मला तुझा आवाज ऐकून किती दिवस झाले!

तुझी पक्कड

*

१६ फेब्रुवारी

चि. पक्कड,

मीटर मिस्त्रीच्या दुकानातून मागून आणला. सुया मी धरल्या, आकडे तुझ्या मामीने वाचले आणि बोटांनी दाखवले. पहिली साडेअकराच्याही खाली. दुसरी आणि तिसरी साडेबाराच्या वर. चौथी साडेबाराला. तुझी मामी म्हणते, ‘ही पोरगी तिकडे बसून इथली बॅटरी ओळखते, आणि आपण वर्षभर तिच्यावर बसून प्रवास केला तरी कळलं नाही.’ खरंच पहिल्या बॅटरीवरच माझं आसन आहे.

पाण्याचं म्हणशील तर गंमत आहे. दुसरी, तिसरी, चौथी सारख्या पाणी मागतात. पहिली मागतच नाही. मला वाटायचं, हीच त्यातली गुणी.

आता हिचं काय करू? नवी आणू का?

फोनचं बघतो. सध्या वेळ नाही.

तुझा मामा

*

२२ फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,
सा. न.

नवी आणू नकोस. तीन जुन्यांत एक नवी घातली तर नवाच तंटा सुरू होतो.

पाण्याचं तू लिहिलंस ते वाचून मी टेबलावर हात आपटला. तुझी गुणी बॅटरी गुणी नाही, उपाशी आहे. बघ, चार्जरही काट्यासारखाच. त्याला एकूण आकडा दिसतो. पोट भरलेल्या तिघींना तो वाढतच राहतो, त्या तापतात, त्यांचं पाणी उडतं. एकूण आकडा ठरल्याइतका झाला की तो हात धुऊन मोकळा. पहिलीचं ताट अर्धवटच राहतं. रोज थोडं थोडं ती मागे पडत जाते आणि तिघी रोज थोड्या जास्त शेकून निघतात. याला आम्ही समतोल गेला असं म्हणतो.

पण पहिलीच मागे का पडली? बहुतेक ती आतून आजारी आहे. खात्री करू. मिस्त्रीकडून बारा व्होल्टचा छोटा चार्जर आण. पहिलीच्या जोडण्या सोडव आणि तिला एकटीला पोटभर चार्ज कर. मग पहिली आणि तिसरी यांच्या जागा बदल. खडूचे आकडे पुसू नकोस. आठवडाभर चालव आणि पुन्हा मोज. एक नंबरची बॅटरी तिसऱ्या जागेवर जाऊनही पडली, तर तिला घरी बसवायची.

जोडताना अंगठी, घड्याळ काढून ठेव. हे वाचून मान डोलावू नकोस, खरंच काढ.

तुझी पक्कड

*

१० मार्च

चि. पक्कड,

उशीर झाला. तू सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, अंगठीसुद्धा काढली, आणि ती दोन दिवस सापडत नव्हती म्हणून घरात जे झालं ते लिहीत नाही.

आता ऐक. जागा बदलल्यावर चार दिवस होडी अशी पळाली की मी तुझ्या नावाने सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. पाचव्या दिवशी जरा मंदावली. मग परवा, भर नदीत, बाजारचा दिवस, होडी भरलेली, पुन्हा आचका. तेवढ्यात मालवाहू बोट वळणावरून आली. तुझी मामी छत्री हलवत उभी राहिली म्हणून मी पाहिलं. सगळ्यांनी मिळून वल्ही मारली. पैलतीरावर एक गृहस्थ उतरता उतरता म्हणाले, ‘तपासनिसांना आम्हीच कळवू का, की तुम्ही कळवता?’

त्याच संध्याकाळी मोजलं. तुझी आजारी म्हणवलेली एक नंबरची बॅटरी तिसऱ्या जागेवर सुखात आहे, साडेबाराच्या वर. आणि तीन नंबरची, जी कधी कुरकुरली नव्हती, ती पहिल्या जागेवर येऊन अकरावर उतरली.

म्हणजे बॅटरी चांगली, जागा वाईट! असं कुठे असतं का? जोडणीत माझी चूक नाही. जशी होती तशीच परत केली, अगदी बारीक वायरींसकट.

तपासणीला महिना राहिला आहे. मला रात्री झोप लागत नाही, हे तुझ्या आईला सांगू नकोस.

तुझा मामा

*

१५ मार्च

तीर्थरूप मामा,
सा. न.

सर्वांत आधी एक नंबरच्या बॅटरीची माझ्या वतीने माफी माग. मी तिला विनाकारण आजारी ठरवलं.

तुझं पत्र मी वर्कशॉपमधल्या उस्तादांना वाचून दाखवलं. ते एका कानाने ऐकतात, पण ऐकतात पक्कं. ‘बारीक वायरी’ म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. कोणत्या बारीक वायरी, मामा? चौघींना जोडणाऱ्या तारा जाडजूड असतात. मग या बारीक कुठल्या? त्या फक्त पहिल्या जागेवरच्या बॅटरीला जोडल्या आहेत का? तसं असेल तर कोणीतरी चौघींच्या साखळीतून एकटीच्याच ताटातलं उचलून खातंय. ती जागा कोणालाही दिली तरी उपाशीच राहणार.

आता दुसरं. तुझं पहिलं पत्र मी पुन्हा वाचलं. डिझेलच्या काळात तू रोज पाणी उपसायचास, आणि आता तळ कोरडा. मोटार बदलली म्हणून लाकडी होडी पाणी घ्यायची थांबत नाही. मग पाणी जातं कुठे?

मला एक शंका आहे, पण तूच बघून सांग. होडी धक्क्याला बांध, मोटार पूर्ण बंद कर, सगळे उतरले की एकटा मागच्या बाजूला बस आणि नीट ऐक. काही आवाज येतो का? गुणगुण, घरघर, काहीही?

तुझी पक्कड

*

२० मार्च

चि. पक्कड,

बसलो. चांगला तासभर बसलो. काहीही आवाज नाही. मोटार बंद असल्यावर आवाज येईल कुठून? तुझी शंका फुकट गेली.

बारीक वायरी दोन आहेत, लाल आणि काळी, आणि हो, पहिल्या जागेवरच. त्या मागच्या फळीखाली जातात. दिव्याच्या असतील. मिस्त्री नदीच्या वरच्या अंगाला कुणाची तरी नवी होडी बांधायला गेलाय, त्याच्याशिवाय फळ्या उखडणार नाही. एवढ्या वर्षांत या होडीचा प्रत्येक खिळा मला ठाऊक आहे, माझ्या नकळत तिच्यात काही असेल असं मला वाटत नाही.

उस्तादांना विचार, दुसरं काही सुचतं का.

तुझा मामा

*

२४ मार्च

चि. पक्कड हिला मामीचा आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘मामी, होडी बंद असताना आवाज येतो का गं?’ आणि मी तुझ्या आईच्या गुडघ्याचा विषय काढला. कारण हे समोरच बसले होते. ऐकू गेलं नसतंच, पण माझा चेहरा वाचतात. म्हणून आता लिहिते, आणि हे पाकीट ह्यांच्या पिशवीत न टाकता शाळेतल्या बाईंच्या हाती देते.

आवाज येतो. धक्क्याला बांधलेली असते, मोटार बंद, तरी मागच्या फळीखालून घर्र करते, थांबते, परत घर्र. बाई तर म्हणतात, ‘तुमची होडी घोरते.’ आधी क्वचित यायचा, आता सारखाच येतो. मला वाटलं, ह्यांनीच काही बसवून घेतलंय. सगळ्यांना तसंच वाटलं. ज्याची होडी त्यालाच तिचा आवाज माहीत नसेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? आणि आवाजाबद्दल ह्यांना काही विचारायची सोय नाही, लगेच नाकाचा शेंडा लाल.

फोन बिघडलेला नाही गं, हे तुला कळलंच असेल. त्यावरच तर आपण बोलतो. माणूस समोर असलं की ओठांवरून निम्मं समजून घेतात, उरलेल्या निम्म्याला मान डोलावतात. फोनला ओठ नाहीत.

मी छत्री घेऊन पुढे बसते ती हौस नाही. मालाच्या बोटीचा भोंगा डावीकडून आला की छत्री डावीकडे झुकवते, उजवीकडून आला की उजवीकडे. हे बरोबर सुकाणू वळवतात. असं करायचं कधी ठरलं नाही, त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. मला ताप आला होता तेव्हा ह्यांनी होडी बंद ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, मोटार तपासायची आहे.

तपासनीस म्हणे पाठीमागे उभे राहून प्रश्न विचारतात. म्हणून पाया पडते, मी सांगितलं असं लिहू नकोस. पण ते फळीखालचं काय आहे ते बाहेर काढ. मला त्याची भीती वाटते. आणि खरं सांगू, मलाही आता छत्री जड व्हायला लागली आहे.

तुझी मामी

*

२७ मार्च

तीर्थरूप मामा,
सा. न.

उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, कानाने काय होणार, हाताने बघायला सांग. यंत्राचा आवाज वाऱ्यात हरवतो, लाटांत मिसळतो. थरथर हरवत नाही.

तर आता ऐकणं सोड. होडी बांध, मोटार बंद कर, आणि पहिल्या बॅटरीमागे ज्या फळीखाली त्या दोन वायरी जातात, त्या फळीवर उघडा तळहात टेकव. लगेच उचलू नकोस. थोडा वेळ काही लागणार नाही. कदाचित नंतर लागेल.

एक गोष्ट मात्र पाळ. हाताला काही लागलं तर त्या वायरी सोडवू नकोस. फळी उचल, आत काय आहे ते डोळ्यांनी बघ, आणि पाणी कुठून येतंय ते आधी शोध. त्या वायरींच्या टोकाला जे कोणी आहे, तेच तुझा तळ कोरडा ठेवत असेल, तर त्याला थांबवणं धोक्याचं आहे.

लगेच कळव.

तुझी पक्कड

*

२ एप्रिल

चि. पक्कड,

हात ठेवला. आधी काहीच नाही. उठणार होतो, तेवढ्यात तळव्याखाली मांजर घुरघुरावं तसं सुरू झालं. मी दचकून हात काढला, परत ठेवला. होतंच. थोड्या वेळाने थांबलं. मग मी तिथेच बसून राहिलो, ते पुन्हा सुरू होईपर्यंत.

फळी उचलली. खाली मुठीएवढा पंप. बाजूला तरंगणारा खटका. पाणी जरा वर आलं की खटका उचलला जातो, पंप पाणी बाहेर फेकतो, आणि आपला आपण बंद होतो. मोटारीचा दांडा होडीच्या तळातून जिथे बाहेर जातो, तिथून बारीक धार लागली होती. माझ्या कोरड्या ठणठणीत तळात.

मिस्त्रीला निरोप धाडून बोलावला. आला, बघितलं, आणि कपाळाला हात लावला. या वेळी मी त्याला समोर उभं केलं आणि म्हटलं, सावकाश बोल. तो म्हणाला, ‘काका, मोटार बसवली त्याच दिवशी सांगितलं होतं की! दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग नवं आहे, महिन्याभराने बसेल, मग नट आवळा, नाहीतर धार वाढत जाईल. पंप आपोआप चालतो, सध्या पहिल्या बॅटरीवर टाकलाय, त्याला वेगळी छोटी बॅटरी आणा. तुम्ही हो हो म्हणालात. मान डोलावलीत. मला चहा पाजलात.’

त्या दिवशी शेजारी डिझेलची होडी धडधडत होती. मला त्याचे ओठ हलताना दिसले. तो हसला तेव्हा मीही हसलो.

मान डोलावण्यात मी पटाईत आहे, पक्कड. कुणाला संशय येत नाही. म्हणजे असं मला वाटायचं. आधीच्या पत्रात तू लिहिलंस ‘नीट ऐक’, आणि या पत्रात ‘ऐकणं सोड, हात ठेव’. मधल्या दिवसांत काय झालं ते मी समजलो. बहिरा आहे, मठ्ठ नाही. तुझ्या मामीला काही बोललो नाही. तिनेही विचारलं नाही. फक्त फळी उचलली त्या दिवशी छत्री मिटून तिने मांडीवर ठेवली आणि मी तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिने नजर दुसरीकडे वळवली.

नट आवळला. धार थांबली, आता थेंब थेंब येतं, तेवढं हवंच म्हणतो मिस्त्री.

तपासणी दोन आठवड्यांवर आहे. तेव्हा काय करायचं, हे तुला विचारत नाही. बॅटऱ्यांचं विचारतो. एकदा गेलेला समतोल परत आणता येतो का?

तुझा मामा

*

६ एप्रिल

तीर्थरूप मामा,
सा. न.

येतो. एकेकीला वेगवेगळं, छोट्या चार्जरवर, पोटभर चार्ज कर. घाई न करता. चौघी एका पातळीवर आल्या की मगच पुन्हा जोड. पंपाला त्याची स्वतःची छोटी बॅटरी दे, साखळीतल्या कोणाच्याही ताटाला त्याने हात लावायचा नाही.

सोबत पार्सलने एक डबी पाठवत आहे. तिच्या वायरी चारही बॅटऱ्यांना जोडायच्या, मिस्त्रीला आकृती दाखव. ही डबी चौघींवर नजर ठेवते. जिच्याकडे जास्त असेल तिच्याकडचं थोडं घेते आणि जी मागे पडली असेल तिला देते, सतत, कुणालाही न कळता.

उस्ताद म्हणाले, बरं झालं ही डबी आपण पहिल्याच पत्रासोबत पाठवली नाही. तिने गुपचूप पहिलीची भरपाई करत ठेवली असती. होडी बंद पडली नसती, कोणी काही विचारलं नसतं, आणि धार वाढत गेली असती. डबी चांगली, पण गळती सापडल्यावर.

तपासणीबद्दल तू विचारलं नाहीस, म्हणून मीही काही सांगत नाही. आमचे उस्ताद मात्र नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, ‘या कानाशी बोल, तो कान सुट्टीवर आहे.’ सगळे त्या बाजूला जाऊन उभे राहतात. एवढंच होतं.

तुझी पक्कड

*

९ मे

चि. पक्कड,
अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. सगळं पार पडल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी बॅटऱ्या. तुझी डबी बसवली. रोज मोजतो. चौघी एका रांगेत, पाणीही सारखंच पितात. तिचं काम मी तुझ्या मामीला समजावून सांगत होतो, की ही कुणाला न कळता दिवसभर एकाचं उणं दुसऱ्याकडून भरून काढते. तुझी मामी म्हणाली, ‘म्हणजे मी!’ मी म्हटलं, हो. ती म्हणाली, ‘इतक्या वर्षांनी कौतुक केलं, आणि तेही डबी म्हणून.’ मग आम्ही दोघं हसलो. त्यानंतर बराच वेळ बोललो. काय ते लिहीत नाही.

आता तपासणी. तपासनीस साहेब आले, होडीभर फिरले, फळी उचलून पंप बघितला, वायरी बघितल्या. ‘हे काम नीट केलंय,’ म्हणाले. ते समोर होते, म्हणून कळलं. पैलतीर गाठून न थांबता परत आलो, आणि पुन्हा एकदा गेलो. आचका नाही. मग मी सुकाणूवर असताना ते माझ्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. तुझ्या मामीने पुढून माझ्याकडे पाहिलं. तिने छत्री आणली होती, उघडली नव्हती. त्यांनी काही विचारलं असणार, कारण तिचे ओठ हलले, मला उत्तर सुचवायला. तेवढं बघून मी पुढचं पाण्याचं पात्र मोकळं आहे ना ते पाहिलं, मोटार बंद केली आणि मागे वळलो.

‘साहेब, मागून बोलू नका. मला ऐकू येत नाही.’

 ते समोर आले आणि सावकाश म्हणाले, ‘भोंगे कसे कळतात तुम्हाला?’

मी छत्रीकडे बोट दाखवलं. त्यांना आधी कळेना. मग तुझ्या मामीने उभं राहून दाखवलं, डावीकडे, उजवीकडे. साहेब म्हणाले, ‘आणि बाई, तुम्ही आजारी पडलात तर?’

‘होडी बंद,’ ती म्हणाली.

त्यांनी खूप वेळ लिहिलं. मला वाटलं, संपलं. परवाना दिला, पण सहा महिन्यांचा. धुक्यात आणि दिवस मावळल्यावर होडी काढायची नाही. म्हणजे संध्याकाळच्या दोन फेऱ्या गेल्या, आणि ते मला लागलंय, खोटं का सांगू. शाळेतल्या बाईंना आता लवकर निघावं लागतं. कानाच्या डॉक्टरांचा दाखला आणि कानातलं यंत्र आवश्यक. आणि पुढे टेहळणीला एक नोंदलेला माणूस हवा. साहेबांनी तुझ्या मामीचं नाव विचारलं आणि म्हणाले, ‘आजपासून तुम्ही होडीच्या कर्मचारी.’ ती म्हणाली, ‘आणि इतके दिवस काय मी प्रवासी होते?’ साहेब हसले. मिस्त्रीची मोठी मुलगीही शिकायला येते आता, म्हणजे तुझ्या मामीला आठवड्यातून दोन दिवस घरी बसता येईल. पहिल्या दिवशी बसली आणि दुपारी धक्क्यावर हजर. म्हणे, बघायला आले.

यंत्र गेल्या आठवड्यात मिळालं. कानात घातलं आणि होडीवर गेलो. पक्कड, मी तुला लिहिलं होतं ना, होडीला आवाज शून्य? अगं, केवढा कलकलाट करते ती! दोर करकरतो, फळ्या कुरकुरतात, तळाला पाणी चाटत असतं. मी मागे जाऊन बसलो, त्या फळीजवळ. बराच वेळ काही नाही, कारण आता धारच नाही. मग घर्र झालं. मी तुझ्या मामीला म्हटलं, ‘हाच का तो?’ ती म्हणाली, ‘हाच.’ मी हात ठेवून खात्री केली. हाताची सवय अजून गेली नाही.

सगळंच ऐकू येतं असं नाही. डॉक्टर म्हणाले, काही गेलेलं परत येणार नाही. चार जण एकदम बोलले की अजून सगळा गलका होतो.

फोन नीट आहे, हे तुला माहीतच आहे. या रविवारी सकाळी कर, होडी धक्क्याला असते तेव्हा. मात्र सावकाश बोल. मान डोलावलेली तुला तिकडे दिसायची नाही, म्हणून कळलं तर मी ‘हो’ म्हणेन, आणि नाही कळलं तर ‘परत सांग’ म्हणेन. ‘परत सांग’ जास्त वेळा म्हणेन. कंटाळू नकोस.

तुझा मामा